फ्रेममधला अर्धा तास

मावशी आमच्या शाळेत आल्या त्या झाडू मारायला, आणि बघता बघता मुलांचे हातपाय ताणायला लागल्या. यात त्यांचा दोष नाही. जो माणूस जागेवर असतो त्याच्या गळ्यात गैरहजर माणसाचं काम पडतं, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. मी वर्गशिक्षिका, पण व्हॅनच्या चाकात हवा आहे की नाही हेही मीच बघते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गळका नळ दुरुस्त करायला शिकल्या आहेत. तेव्हा मावशी थेरपिस्ट झाल्या याचं कोणाला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

शाळा विशेष मुलांची. त्रेसष्ट मुलं, दोन मजले आणि बंद पडलेली लिफ्ट, म्हणजे प्रत्यक्षात एकच मजला. त्यांतली सगळ्यात अवघड बारा मुलं माझ्या वर्गात. त्यांतलं एकही चालत नाही आणि दोघं सोडली तर कोणी बोलत नाही. अशा मुलांचे स्नायू ताठ असतात. रोज हळूहळू ताणून मोकळे केले नाहीत तर ते आखडतात, मग हाडं वाकतात, मग सांधे जागा सोडतात. कोणाला किती ताणायचं, कोणाला कसं बसवायचं, कोणाला उभं करायचं आणि कधी थांबायचं, हे ज्याला कळतं तो थेरपिस्ट. हा परिच्छेद मी शाळांच्या मुख्य ऑफिसला इतक्या वेळा लिहून पाठवला आहे की आता तो माझ्या हातून आपोआप उतरतो.

शाळेत येण्याआधी मावशींनी एकोणीस वर्षं एका शिवणकामाच्या दुकानात कापड कापलं. मास्तर माप घेणार, खडूने खूण करणार, मावशी कात्री चालवणार. खुणेच्या आत नाही, बाहेर नाही, बरोबर खुणेवर. "माप चुकलं का बरोबर, ते बघायचं काम कात्रीचं नाही," असं मास्तर म्हणायचे, आणि मावशी हे वाक्य मोठ्या अभिमानाने सांगायच्या. एकोणीस वर्षांत एक कापड वाया घालवलं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम. तयार कपड्यांपुढे दुकानाचा टिकाव लागला नाही. मास्तरांनी शटर ओढलं आणि मावशी पन्नाशीत आमच्या दारात उभ्या राहिल्या.

तेव्हा आमच्याकडे थेरपिस्ट होत्या. आठवड्यातून तीन दिवस यायच्या. वयाने लहान, चालणं पळण्यासारखं, आणि तोंड माझ्यापेक्षा फटकळ, म्हणून आमचं जमायचं. त्रेसष्ट मुलांना दोन हात पुरत नाहीत हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि हाताखाली माणूस शोधायला लागल्या. मी दोन दिवस शिकले. माझे हात घाईचे, मला वर्गात बारा तोंडं भरवायची असतात. मावशींनी मात्र एका मुलाचं पाऊल हातात घेतलं आणि थेरपिस्ट मॅडम बघतच राहिल्या.

"मावशी, तुमचे हात डिग्रीवाल्यांपेक्षा शांत आहेत," मॅडम म्हणाल्या.

हे वाक्य मावशींनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. मग शेजारणीला, मग बहिणीला फोनवर. मावशींचे यजमान एकदा त्यांना न्यायला आले होते, तर मला म्हणाले, "बाई, त्या हातांचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. भांडी घासताना तेच हात इतके शांत असतात की अर्धा दिवस जातो." मावशी हसल्या. त्या काळात आम्ही पुष्कळ हसायचो.

राणीसरकार त्याच वर्षी दाखल झाली. हे नाव व्हॅनवाल्या काकांनी ठेवलेलं. साडेसहा वर्षांची पोर, बोलता येत नाही, मान डावीकडे झुकलेली, पण चाकाच्या खुर्चीत बसवली की दरबार भरवायची. कोणी उशिरा आलं की त्याच्याकडे बघायचीच नाही. मला ती वीस-वीस मिनिटं शिक्षा करायची. कोणी शिंकलं की मात्र खदखदून हसायची, आणि मोठ्या बाईंना सर्दी झाली की तिची चैन असायची. तिची आई एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करते. बाप आहे, दुसऱ्या गावी आहे, आणि त्याच्याविषयी एवढंच पुरे.

मॅडमनी राणीला तपासलं आणि तिच्यासाठी उभं राहायची फ्रेम मागवली. लाकूड आणि लोखंडाची ती चौकट. पाय ठेवायला फळी, गुडघ्यांना पुढून दोन गाद्या, कमरेला पट्टा, छातीला पट्टा. ज्या मुलाला उभं राहता येत नाही त्याला त्यात बांधून उभं करायचं, म्हणजे हाडांवर भार येतो, हाडं बळकट होतात आणि खुबे खोबणीत टिकतात. मॅडमनी दीड तास खपून सगळे स्क्रू राणीच्या मापाने बसवले, पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक स्क्रूपाशी एक बारीक रेघ ओढली.

"ही खूण हलवायची नाही," त्या मावशींना म्हणाल्या. "कोणी सांगितलं तरी नाही. अंदाजाने हलवलं तर फायद्याऐवजी तोटा. रोज अर्धा तास."

"रडली तर?"

"रडणारच. सगळी रडतात. दया येऊन काढायचं नाही. ज्यांच्यावर सगळ्यांनी दया केली ती मुलं आज घरी गादीवर पडून आहेत. मावशी, मन घट्ट करायचं."

मावशींनी मान हलवली. खूण कशी पाळायची हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. राहिलं मन घट्ट करणं, तर त्या म्हणाल्या, तेही करू.

वर्षभरात मॅडम गेल्या. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली, कायमची, रजेसकट. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या मनात आलं होतं ठेवायचं, पण मीही गेले असते. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या वर्गातल्या बाराही मुलांचे कागद लिहिले, प्रत्येकाचा व्यायाम चित्रं काढून, आणि भिंतीवर चिकटवले. प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे.' मला म्हणाल्या, "तेवढ्यात माझ्या जागी कोणीतरी येईलच."

जागा आजही रिकामी आहे; पहिली दोन वर्षं चार महिने तर कोणी मुलांना तपासायलाही आलं नाही. जाहिरात पाच वेळा निघाली. पहिल्या तीन वेळा कोणी फिरकलं नाही. चौथ्या वेळी एक गृहस्थ आले, मुलांचा आकडा विचारला, दुसरा थेरपिस्ट कुठे बसतो ते विचारलं, दुसरा नाही हे ऐकलं, मग चहा घेतला, बिस्कीट घेतलं आणि निरोपही घेतला. पाचव्या जाहिरातीत ऑफिसने चुकून पद 'ग्रंथपाल' असं छापलं. त्या वेळी मात्र अकरा अर्ज आले. मी ऑफिसात जाऊन आवाज चढवला. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, माणसं तयारच होत नाहीत तर मी काय करू? जी तयार होतात ती हॉस्पिटलं घेऊन जातात. तुमच्यासारख्या चाळीस शाळा आहेत." हे खरं होतं. खऱ्या उत्तराचा राग जास्त येतो.

तर ती दोन वर्षं चार महिने आमच्या बारा मुलांची थेरपी मावशींनी केली. सकाळी सातला येऊन झाडलोट उरकायची, साडेआठला हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, कारण गार हात लागले की मुलं आक्रसतात. मग भिंतीवरच्या कागदांच्या क्रमाने एकेक मूल गादीवर. त्या एक चित्र गाळायच्या नाहीत. ताप असला तरी यायच्या. एकदा त्यांच्या जावेच्या घरी लग्न होतं, तर त्या बारा वाजता तिकडे गेल्या आणि दुपारच्या मुलांसाठी परत आल्या. दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, किती देखावा. मावशींना देखावा जमतच नव्हता.

बरोबर अकराला राणीसरकार फ्रेममध्ये. पट्टे आवळताना मावशी तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. एका नवरदेवाचं पोट मापानंतर महिनाभरात इतकं वाढलं की लग्नाचा कोट त्याने पाठीमागून उसवून घातला आणि पूर्ण सोहळाभर कोणाकडे पाठ केली नाही, ही राणीची आवडती. ती खुदखुदायची. पहिलं वर्ष ती पंधरा मिनिटं आनंदात उभी राहायची, मग कुरकुर, मग थोडं रडं. हे मॅडमनी सांगितलेल्या हिशोबात बसत होतं.

दुसऱ्या वर्षी पोर उंच झाली. मुलं वाढतात, त्यासाठी अर्जावर कोणाची सही लागत नाही. रडणं दहाव्या मिनिटावर आलं, मग पाचव्या, मग पट्टा बांधतानाच. नवरदेवाच्या गोष्टीला ती हसेनाशी झाली. मावशी घड्याळाकडे बघत तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अजून बारा मिनिटं, सरकार. अजून अकरा." त्यांचे ओठ पांढरे पडायचे. पण तीस मिनिटं म्हणजे तीस.

एकदा मला राहवलं नाही. मी वर्ग सोडून आले आणि पट्ट्याला हात घातला.

"आज काढू या, मावशी. बघवत नाही."

"बाई, नका," त्या म्हणाल्या. "मलाही बघवत नाही. पण मॅडम म्हणाल्या होत्या, दयेनेच ही मुलं अंथरुणाला खिळतात. आपण आज काढलं तर उद्या पुन्हा काढू."

"स्क्रू तरी जरा सैल करा. ती वाढलीय."

"खुणेवर आहे ते. मी नाही हलवणार. नव्या मॅडम येतील त्या हलवतील."

मी काय केलं ते सांगते. मी वाद घातला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण फ्रेमचं मला काही कळत नव्हतं आणि वर्गात एक मूल ठसकत होतं. मी परत गेले आणि राणीच्या रडण्याने बाकीची मुलं बिथरू नयेत म्हणून मधलं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून रोज अकराला मी ते दार लावत होते. मावशींची चूक पुढे सगळ्यांनी लिहून घेतली. माझ्या दाराबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मावशींच्या नजरेतून काही सुटलं होतं असंही नाही. राणीचा डावा पाय फळीला नीट टेकत नाही, टाच बोटभर वर राहते, हे त्यांना महिन्यांपूर्वी दिसलं होतं. खुणेला तर हात लावायचा नाही. मग त्यांनी रुमालाच्या चार घड्या करून टाचेखाली सरकवल्या. पुढे घड्या सहा झाल्या. कापड कमी पडलं तर आतून पट्टी जोडायची, हे त्यांना येत होतं, आणि जे येत होतं ते त्यांनी केलं. त्याच सुमाराला त्यांनी राणीचा उभी असतानाचा एक फोटो काढून तिच्या आईला पाठवला. आईने तो लाँड्रीत सगळ्यांना दाखवला. तिने मुलीला उभं असं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग एका मंगळवारी ऑफिसने एक थेरपिस्ट पाठवल्या. कायमच्या नव्हेत, पाहणीला. एक दिवस, चार शाळा, आमच्या वाट्याला अडीच तास. मध्यमवयीन बाई, डोळ्यांखाली काळं, हातात चारशे मुलांची यादी. मावशी नवा ॲप्रन घालून आल्या होत्या. त्यांनी या पाहणीच्या मॅडमना कागद दाखवले, एकेका मुलाचे हातपाय किती मोकळे आहेत ते दाखवलं. मॅडम बघत गेल्या आणि तिसऱ्या मुलापाशी म्हणाल्या, "हे कोणी केलं? छान ठेवलंय." मावशींच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो मला विसरता आला तर बरं होईल.

अकरा वाजले. राणीला फ्रेमकडे नेताना ती रडायला लागली. मावशी मॅडमना म्हणाल्या, "रडते जरा, पण आम्ही काढत नाही." पट्टे बांधले, टाचेखाली रुमाल सरकवला. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी आधी रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काढा तिला. आधी काढा."

गादीवर निजवून त्यांनी राणीचे दोन्ही गुडघे दुमडून शेजारी शेजारी धरले. डावा गुडघा उजव्यापेक्षा चांगलाच खाली दिसत होता. मग त्यांनी डावी मांडी बाजूला न्यायचा प्रयत्न केला, जेमतेम हलली, आणि राणी ओरडली. मॅडमनी पाय अलगद खाली ठेवला.

"खुबा निसटलाय," त्या म्हणाल्या. "एक्स-रे लागेल, पण निसटलाच आहे. शेवटचा एक्स-रे कधी काढला?"

कधीच नाही, मी सांगितलं.

मावशी उभ्याच होत्या. "फ्रेमने झालं?"

"तसं मी म्हणणार नाही. या मुलांचे खुबे आपोआपही सरकतात. म्हणून तर सहा-सहा महिन्यांनी बघायचं असतं."

"पण मी रोज उभी केली तिला. ती रडायची, ते... दुखत होतं म्हणून?"

मॅडम खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "निसटलेल्या खुब्यावर उभं करणं दुखतं."

"किती?"

"मावशी, तुम्ही..."

"किती, मॅडम?"

"खूप दुखत असणार."

"आणि कधीपासून?"

"ते आता सांगता येणार नाही. वर्ष असेल. जास्तही असेल."

मावशींनी फ्रेमखालचा रुमाल उचलला, घड्या उलगडल्या आणि तो हातात धरून राहिल्या. मॅडमनी नवा कागद लिहिला. फ्रेम बंद, हॉस्पिटलात दाखवणे, आणि तळाशी तेच, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे. "तुम्ही याल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला पाठवलं तर. मी खोटी आशा लावत नाही." पुढच्या शाळेची वेळ टळून गेली होती. त्या पायऱ्यांवरून उतरताना धावत गेल्या.

संध्याकाळी राणीची आई आली. सांगायचं काम माझं होतं, पण मावशी मध्ये आल्या आणि त्यांनी स्वतः सांगितलं, एक शब्द मऊ न करता. आई ऐकत होती आणि ऐकता ऐकता मुलीच्या स्वेटरची बटणं लावत होती.

"रोज रडायची?" तिने विचारलं.

"रोज."

"मला बोलला नाहीत."

"आधीच्या मॅडम रडणारच म्हणाल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला कशाला त्रास."

"फोटोत तर रडत नाहीये."

"पट्टा आवळायच्या आधी काढला होता."

आईने शेवटचं बटण लावलं. तिने मावशींना शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं, मावशींनाही वाटत असावं. ती एवढंच म्हणाली, "उद्या मला सकाळची पाळी आहे. तिला आठलाच आणते." दुसरी शाळा कुठे होती?

एक्स-रे झाला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन होऊ शकतं म्हणून सांगितलं. मग विचारलं की ऑपरेशननंतर सहा महिने रोज थेरपिस्टच्या हातचा व्यायाम लागेल, शाळेत थेरपिस्ट आहे ना? आई खरं बोलली. डॉक्टर म्हणाले की मग ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, पाय उलट आणखी आखडेल. आधी थेरपिस्टची सोय करा, मग या. फाईलवर त्यांनी तसं लिहिलं. मी तो शेरा माझ्या पुढच्या अर्जाला जोडला. ऑफिसकडून पोच आली. आता राणी एका बाजूला उशी लावून बसते. वजन डाव्या अंगावर आलं की तोंड वाकडं करते. उशिरा येणाऱ्यांना शिक्षा करणं तिने सोडून दिलं आहे.

मावशींनी मुलांना हात लावणं बंद केलं. झाडू मारायच्या, भांडी घासायच्या, व्हॅनमधून खुर्च्या उतरवायच्या, पण मूल उचलायची वेळ आली की बाजूला व्हायच्या. मी समजावलं, चिडले, दोन्ही करून झालं.

"बाकीची अकरा मुलं तुम्ही चांगली ठेवलीत, पाहणीच्या मॅडमच म्हणाल्या."

"त्यांच्यातलं कोणाला दुखत होतं ते कोणी सांगितलंय?" मावशी म्हणाल्या. "राणीचंही मला चांगलंच चाललंय असं वाटत होतं."

मग मी स्वतः कागद बघून करून पाहिलं. एकाचा पाय धरला की दुसरा खुर्चीतून घसरायचा. दोन मुलं झाली की घंटा व्हायची. तीन आठवड्यांत मुलांचं अंग बोलायला लागलं. सगळ्यात धाकटा होता त्याच्या मांड्या इतक्या आवळल्या की लंगोट बदलताना दोघींना धरावं लागायचं आणि तो किंचाळायचा. एकीची मूठ उघडेना, नखं तळव्यात रुतून वास यायला लागला. मावशी बादली घेऊन शेजारून जायच्या आणि जाताना मान दुसरीकडे करायच्या.

मग ऑफिसचं पत्र आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्जाला महिन्याच्या आत उत्तर दिलं. मोठ्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे सरकवलं. लिहिलं होतं की थेरपिस्टचं पद भरेपर्यंत, शाळेत या कामाचा दीर्घ अनुभव असलेल्या मदतनीस बाईंनीच मुलांचे व्यायाम नियमितपणे घ्यावेत. खाली शिक्का. पुढच्या ओळीत त्यांच्याकडून शेजारच्या दोन शाळांमधल्या मदतनिसांनाही काम शिकवून घ्यावं, असं होतं. मला हसू आलं आणि मग ते थांबेना, मोठ्या बाईंनी मला पाणी दिलं.

मावशींना बोलावलं. त्यांनी पत्र हातात घेऊन ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "माझं वाचन कच्चं आहे. यात लिहिलंय का कुठे, करताना काही अडलं तर कोणाला विचारायचं ते?"

मी पत्र घेतलं. मला माहीत होतं तरी पाठपोट बघितलं.

"नाही, मावशी."

"मग मला वाटलं तेच." त्यांनी पत्र घडी करून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता ॲप्रनही काढून ठेवतील. तेवढ्यात वर्गात धाकट्याचा लंगोट बदलायला घेतला असावा. त्याची किंकाळी भिंतीतून आली. मावशी दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या, आणि मला मोरीत गरम पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून त्या पुन्हा व्यायाम घेतात. फक्त आता पूर्वीसारखं होत नाही. मुलाचा पाय हातात घेतात, तसूभर हलवतात, थांबतात आणि विचारतात, "दुखतंय का?" मूल छताकडे बघतं. त्या त्याचा चेहरा न्याहाळतात, भुवया, ओठ, हाताची बोटं. मूल हसलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही, रडलं तर लगेच सोडतात. मग पुन्हा तसूभर, आणि पुन्हा विचारतात. ज्या मुलांना आयुष्यात हो किंवा नाही म्हणता येणार नाही त्यांना त्या विचारतात आणि उत्तराची वाट बघतात.

पूर्वी दिवसभरात बारा मुलं व्हायची. आता दोन होतात. बाकीची दहा ओळीने खुर्च्यांमध्ये बसून असतात.